मोहरीचा झणका आणि गयामावशीचं नाक

गयामावशीच्या मंदाचा फोन आला तेव्हा मी सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. तिनं आधी माझी, मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग म्हणाली, ताई, आई गेली... सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसली, ती तशीच. मी ‘बरं’ म्हणाले. बरं म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण तोंडातून तेच बाहेर पडलं. फोन ठेवून मी समोरचा पेपर पुरा तपासला, बेरीज केली, सही ठोकली आणि नंतर पाहिलं तर एकाच उत्तराला दोनदा गुण दिलेले. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. नांदेडच्या या तीन खोल्यांच्या घरात मी एका खोलीतून दुसरीत जाते, कशाला आले ते विसरते, परत फिरते. नवरा म्हणतो, सख्खी मावशी गेली तेव्हा तू इतकी सैरभैर नव्हतीस. खरं आहे. गयामावशी नात्यानं माझी कुणीच नव्हती. लातूरच्या ज्या वसतिगृहात राहून मी अकरावी-बारावी केली, तिथं ती स्वयंपाकाला होती. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बरे लिहावेत अशी रीत आहे आणि तिच्याबद्दल चार सोडून चारशे लिहिता येतील. पण त्याआधी मला माझं सांगायला हवं. गयामावशीचे दोन्ही हात भाजले, ते मी एक गोष्ट तिच्यापासून लपवली म्हणून. आणि ती मात्र जवळजवळ चाळीस वर्षं त्याचा दोष स्वतःकडे घेऊन बसली होती.

लातूर तेव्हा नुकतं जिल्हा झालं होतं. उस्मानाबादच्या फेऱ्या वाचल्या म्हणून लोक खुशीत होते आणि दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या भाड्याच्या घरावर नव्या कार्यालयाची पाटी लागत होती. आमचं वसतिगृहही तसंच, एका आडत्याच्या घराच्या मागच्या अंगाला. पुढे तुरीची पोती, मागे आम्ही चाळीस मुली. बहुतेकजणी आमच्याच बौद्ध समाजातल्या, काही तांड्यावरच्या. मी लोह्याजवळच्या खेड्यातली. घराण्यात सायन्सला गेलेली पहिली मुलगी, त्यामुळे डोक्यात वारं शिरलेलं. आल्या दिवशी वडील मला ट्रंकेसकट अंगणात उभी करून परतीची एसटी गाठायला निघून गेले. मी रडायचं नाही असं ठरवून उभी होते तेव्हा स्वयंपाकघरातून एक उंच, हाडापेराची बाई बाहेर आली आणि तिनं काही न विचारता माझ्या हातात लसणाचे गड्डे दिले. सोल म्हणाली. लसूण सोलताना डोळे पुसले तर कुणी कारण विचारत नाही, हे तिनं मला शिकवलं नाही, नुसतं करू दिलं.

मावशी मुरुडची. नवरा लवकर वारलेला, एकुलती लेक मंदा मुरुडला आजीजवळ. महिन्यातून एकदा ती मंदाला भेटून यायची आणि आली की दोन दिवस गप्प असायची. तिच्या स्वयंपाकाची एक तऱ्हा होती. ती फोडणी कानानं ओळखायची. मोहरी तडतडायची थांबली की डोळे मिटूनही जिरं टाकायची. दूध चांगलं की नासलं ते जिभेवर थेंब टाकून बघायची. डाळ शिजत असली की जवळून जाणाऱ्या मुलीला हटकून विचारायची, आगं, करपतंय का बघ बरं, माझे हात पिठात हायेत. हात पुष्कळदा पिठात नसायचे. आम्हाला वाटे, बाईला उगाच विचारायची खोड आहे. आणि दुसरी खोड मोहरीची. रोज सकाळी ती पाट्यावर चिमूटभर मोहरी घ्यायची, गार पाण्याचा शिपका मारून वरवंट्यानं फेसायची, वाटीत काढून झाकून ठेवायची. थोड्या वेळानं झाकण काढून वाटी नाकाशी धरायची आणि छातीभर श्वास ओढायची. झणका टाळूपर्यंत जायचा. डोळ्यांतून धारा लागायच्या. पदरानं तोंड पुसून ती अशी खूश दिसायची की जणू माहेरचं पत्र आलं. मग ती मोहरी काकडीत, गाजरात, दह्यात, सापडेल त्यात जायची. दोन वर्षांत आम्ही जितकी फेसलेली मोहरी खाल्ली तितकी कुणी आयुष्यात खाल्ली नसेल. मुली तिला पाठीमागे मोहरीबाई म्हणत. मीही म्हणत असे.

त्या थंडीत मला खोकला झाला तो जाईना. गोळ्या झाल्या, काढा झाला. एका संध्याकाळी मावशीनं मोहरी वाटून तीत कणीक मिसळली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या छातीवर ठेवली. पहिले काही क्षण काहीच नाही. मी हसून म्हणाले, हे कसलं औषध. मग गरम वाटायला लागलं, मग चुणचुणायला, मग भाजायला. काढून टाक म्हणाले तर तिनं माझा हात धरला. ती घड्याळ बघत नव्हती. तव्यावरच्या भाकरी मोजत होती. पाच भाकरी झाल्या की काढायचं, सहावी झाली तर फोड येतो, असं तिच्या आईचं माप. पाचवी फुगली तशी तिनं फडकं उचललं. छाती लालबुंद झाली होती, त्या जागी रक्त धावून आलं होतं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला. पुढे मी शिकले की मोहरी खोकला बरा करत नाही, कातडीला दुखवते आणि त्या दुखण्यानं रक्त तिकडे खेचते. पण त्या रात्री मी झोपले एवढं खरं. ती मला दुखवून बरं करत होती आणि कुठं थांबायचं ते तिला ठाऊक होतं. मला ते पुढेही कधी जमलं नाही.

अकरावीचा उन्हाळा आला तोवर लातूरचं पाणी संपलं होतं. आदल्या पावसाळ्यानं दगा दिला होता. टँकर यायचा तो चार दिवसांनी आणि त्यातलं पाणीही गढूळ. तीन मुलींना जुलाब लागले तशी रेक्टरबाईंनी फर्मान काढलं की स्वयंपाकघरात उकळलेल्या पाण्याशिवाय थेंब वापरायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अभ्यासाला उठले तर मावशी पाट्यासमोर बसलेली आणि चेहरा पांढराफटक. तिनं मला हातानं ओढून खाली बसवलं आणि वाटी माझ्या नाकाशी धरली.

“सुनीते, हे हुंग बरं. तुला येतो का वास?”

मी हुंगलं. काही नाही. ओल्या मातीचा असतो तसा जरासा वास, पण झणका नाही, डोळ्यांना पाणी नाही. मी नाही म्हणाले. तिनं पुन्हा हुंगायला लावलं. मी पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा तिनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की वाटीतली मोहरी हलली. “मंग मोहरीच मेली,” ती म्हणाली. “माझं नाक न्हाई मेलं.” आणि त्या सुटकेच्या भरात तिनं मला ते सांगितलं, जे वसतिगृहात कुणाला ठाऊक नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात मुरुडच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं होतं. मावशी विशी-बाविशीतली, मंदा सहा महिन्यांची, बाभळीला बांधलेल्या झोळीत. डोक्यावर मातीची पाटी घेऊन भरावावर चढताना मावशीचा पाय सरकला आणि ती उताणी दगडावर आदळली. डोक्याच्या मागच्या बाजूला खोक पडली. आठ दिवस शुद्ध नव्हती. शुद्ध आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, फक्त वास गेला होता. भाकरीचा, धुराचा, शेणाचा, कशाचाच नाही. सगळ्यात आधी तिला ते कळलं मंदाला न्हाऊ घातल्यावर. लेकराच्या टाळूला तेल लावलं, जवळ घेतलं, आणि काहीच आलं नाही. गठुडं मांडीवर घेतल्यावानी वाटलं बग, ती म्हणाली. मी मोहरीच्या वाटीकडे बघत राहिले. मग ती सांगायला लागली की एकदा लोणच्याची मोहरी फेसताना अचानक नाकात काहीतरी आलं. वर्षा-दीड वर्षानं पहिल्यांदा! तेव्हापासून ती रोज तपासून बघते. मोहरीचा येतो म्हणजे नाक जिवंत आहे. आज मोहरीचा, उद्या बाकीचे बी येतील हळूहळू. तिनं मला शपथ घातली की हे रेक्टरबाईच्या कानावर जाता कामा नये. वास न येणारी स्वयंपाकीण कोण ठेवील? आणि ती नोकरी गेली तर मंदाची शाळा गेली.

मी शपथ पाळली. पण डोक्यात किडा वळवळत राहिला, की मोहरी अचानक मेली कशी. आमचे केमिस्ट्रीचे स्वामी सर उदगीरचे, कपाळावर भस्म लावून येणारे आणि कुठल्याही प्रश्नाला चिडून उत्तर देणारे. त्यांना विचारलं तर ते पहिल्यांदा चिडले नाहीत. म्हणाले, मोहरीच्या अख्ख्या दाण्यात तिखटपणा नसतोच. दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फोडला, पाणी लागलं की ते भेटतात, त्यातला एक दुसऱ्याला तोडतो आणि तेव्हा ते झोंबणारं द्रव्य जन्माला येतं. ॲलिल आयसोथायोसायनेट, नाव पाठ कर, परीक्षेत येणार नाही. हे खरं तर झाडाचं हत्यार, दाणा चावणाऱ्या किड्यासाठी ठेवलेलं. तोडणारा पदार्थ म्हणजे विकर, आणि विकराला उष्णता सोसत नाही. उकळतं पाणी घातलं की तो मरतो. म्हणूनच तेलात तडतडलेली फोडणीची मोहरी नाकात चढत नाही. तुमच्या बाईनं पाणी गार होईपर्यंत थांबायला हवं होतं. मी खूश होऊन निघाले होते. दारात आठवण झाली म्हणून सहज विचारलं, सर, ज्याला कशाचाच वास येत नाही त्याला मोहरीचा वास कसा येईल?

“त्याला वास म्हणूच नका,” सर म्हणाले. “ती वेदना आहे.” आणि मग त्यांनी मला उलट विचारलं, डोळ्यांना कुठं वास येतो? तरी मोहरीनं डोळ्यांत पाणी येतं ना? वासाची नस वेगळी, झोंबण्याची वेगळी. वासाची नस तुटलेल्या माणसाला मोहरी झोंबेल, नवसागराची वाफ झोंबेल, पण गुलाब आणि गटार सारखंच. आणि तुटलेली नस इतक्या वर्षांनी जुळत नाही.

मी वसतिगृहात परत आले. मावशी भाकरी थापत होती. मी तिला गार पाण्याचं सांगितलं आणि ती हरखून गेली. दुसऱ्या दिवसापासून उकळलेलं पाणी रात्रभर निववून वापरायला लागली, झणका परत आला, आणि ती मला भेटेल त्याच्यापुढे मिरवायला लागली की या पोरीनं मोहरी जिती केली. सरांच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग मी सांगितला नाही. कशी सांगणार होते? रोज सकाळी ती वाटी नाकाशी धरून जो चेहरा करायची तो मला डोळ्यांपुढे दिसत होता. तिला दया दाखवली असं मी स्वतःला सांगितलं. त्यात खरं किती होतं ते आता तपासून बघते तर दया होती, नाही असं नाही, पण दुसरंही काही होतं. जे कुणाला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, याची मला मजा वाटत होती. सतरा वर्षांच्या मुलीला ज्ञान झालं की ती ते ट्रंकेत कुलूप लावून ठेवते.

बारावीच्या दिवाळीनंतर वसतिगृहात गॅस आला. चुली गेल्या, धूर गेला, मुलींनी टाळ्या वाजवल्या. टाकी जोडायला आलेल्या माणसानं सांगितलं की गॅस गळला तर सडल्यासारखा वास येतो, तो आला तर काडी ओढायची नाही. त्याच आठवड्यात दूध तळाला लागून करपलं. वास आडतीच्या दुकानापर्यंत गेला आणि मावशी शांतपणे तेच दूध पेल्यांत ओतत होती. रेक्टरबाईंच्या लक्षात आलं. त्या वाईट नव्हत्या, चाळीस मुलींची जबाबदारी होती त्यांच्यावर. त्यांनी मावशीला सरळ विचारलं, तिनं सरळ सांगितलं की मला वास येतो. मग बाई म्हणाल्या, येतो तर परीक्षा घेऊ. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, सुनीता, तू सायन्सची आहेस, काहीतरी उग्र वासाचं घेऊन ये.

त्या क्षणी मला बरंच काही आणता आलं असतं. रॉकेल होतं. हिंग होता. मी स्वयंपाकघरात गेले, मोहरी घेतली, गार पाण्यात फेसली, झाकून ठेवली, ती चढेपर्यंत थांबले, आणि दोन वाट्या घेऊन आले. एकीत मोहरी, एकीत नुसतं पाणी. बाईंनी मावशीचे डोळे ओढणीनं बांधले. तीनदा वाट्या बदलल्या, तीनदा तिनं बरोबर सांगितलं. ओढणी सोडली तर ती भिजलेली. मुली हसल्या, बाई हसल्या, म्हणाल्या, गयाबाई, तुमचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. मावशीनं माझे दोन्ही गाल हातात धरले. “बग,” ती म्हणाली, “पास झाले का न्हाई.” ती परीक्षा तिच्या दृष्टीनं खोटी नव्हती. मी रेक्टरबाईंना फसवलं होतं हे मला कळत होतं. मावशीलाही फसवलं होतं हे मी कळू दिलं नाही स्वतःला.

माझ्या परीनं मी एक बंदोबस्त केला. रोज सकाळी तिच्याआधी नाही, पण तिच्याबरोबर उठायचे. चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात शिरायचे आणि गुपचूप हुंगायचे. ती काडी ओढेपर्यंत तिथंच रेंगाळायचे. तिला वाटायचं पोरीला माझा लळा लागला. लागलाही होता. अडीच महिने असे गेले. जानेवारीत एका सकाळी मी उठले नाही. आजारी नव्हते, जागरण नव्हतं, झोप लागली एवढंच. आदल्या दिवशी शेगडी पुसताना कुणाकडून तरी एक बटण अर्धवट फिरलं होतं. आवाज झाला तेव्हा मी अंगणात धावले. मावशी दारात उभी होती, दोन्ही हात पुढे धरून, जसे कुणाला काही द्यायचे असावेत. अंगणात येत होता तो वास मला आजही येतो. मी तो हुंगायला पाच मिनिटं उशिरा आले होते.

दोन महिने ती दवाखान्यात होती. पहिल्या भेटीतच मी तिच्यापुढे सगळं ओकणार होते. पण मी तोंड उघडायच्या आत तीच रेक्टरबाईंना सांगायला लागली की चूक माझीच. मला पडसं झालं हुतं, नाक चोंदलं हुतं, चोंदल्या नाकानं मी काडी वढायला नको हुती. थंडीचे दिवस, पडसं खरंच थोडं होतं. बाईंनी मान डोलावली. टाकी जोडणाऱ्यानं मान डोलावली. मीही डोलावली. आणि त्या दिवसापासून ती गोष्ट पक्की झाली. हात बरे झाले की या, असं तिला सांगितलं गेलं, पण बोटं वाकडीच राहिली आणि बोलावणं आलं नाही. ती मुरुडला गेली. मंदानं नववीतून शाळा सोडली. मी बारावी झाले, पुढे नांदेडला एमएस्सी झाले, ज्युनिअर कॉलेजात लागले.

माझा तिच्याकडे जाण्याचा नेम कधी चुकला नाही, हे मी स्वतःच्या बाजूनं सांगते. दर वर्षी कैरीच्या दिवसांत अहमदपूरमार्गे लातूर, तिथून मुरुड. ती आणि मंदा घरोघरच्या लोणच्यांची कामं घेत. भाजलेल्या कातडीला मोहरी सोसत नसे, म्हणून मावशी पाटावर बसून नुसतं सांगायची, पाणी गार घे, दम धर, चढू दे, आता घाल. तिच्या हाताखालच्या लोणच्याला कधी बुरशी धरली नाही. तेही त्या मोहरीचंच काम, जी किड्याला सोडत नाही ती बुरशीला कशी सोडेल. आणि दर वर्षी कुणी नवी बाई हातांविषयी विचारायची आणि दर वर्षी मावशी सांगायची, पडसं हुतं माय, माझीच चूक. सोबत परीक्षेची गोष्टही यायचीच. डोळे बांधून घेतलं हुतं, तीनदा पास झाले. मी तिथं बसून चहा पीत असे. परत आल्यावर वर्गात मोहरीचा धडा घ्यायचे. तीस वर्षं घेतला. डोळ्यांना कुठं वास येतो, असं मुलांना विचारायचे आणि मुलं चमकायची. पुढे शास्त्रज्ञांनी मज्जातंतूच्या टोकाशी असलेलं ते नेमकं दारही शोधून काढलं, जिथं मोहरीही धडकते आणि अश्रुधूरही. तेही मी शिकवलं. जगाला सगळं समजावलं. जिला समजायला हवं होतं ती मुरुडला पडशाला दोष देत बसली होती.

शेवटच्या भेटीला गेले ते मावशी जाण्याआधी तीन आठवडे. मंदानं कळवलं होतं की आईचं खाणं तुटलंय. मावशी ओसरीवर सूप घेऊन वाकड्या बोटांनी चिंचा सोलत होती. जवळ शेजारची नवी सून बसलेली, आणि मावशी तिला सांगत होती, पडसं हुतं माय... सून उठून गेली आणि मी बोलले. कसं बोलले ते आठवत नाही. स्वामी सरांपासून सुरू केलं असावं, कारण मी शिकवायला लागले होते आणि तिनं मला हात करून थांबवलं.

“मंजे तुला तवाच ठावं हुतं?”

मी हो म्हणाले. पडसं असतं-नसतं तरी काही फरक पडला नसता, ते नाक त्या दिवशीही मेलेलंच होतं, परीक्षेच्या दिवशीही मेलेलंच होतं, हे सांगितलं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले, हेही सांगितलं. तिनं हातातली चिंच सोलून पुरी केली. मी चाळीस वर्षांत तिच्या रागाची तयारी केली होती, रडण्याची केली होती, माफ केलं म्हणाली तर काय करायचं याचीही केली होती. ती रागावली नाही. मोहरीला पाणी किती लागतं ते सांगावं तशा आवाजात ती म्हणाली:

“बाईला नसतंच सांगायचं. मला सांगायचं की गं. मी आदी दार-खिडकी उघडली असती, मंग काडी वढली असती. रोज.”

मग तिनं मंदाला चहा ठेवायला सांगितला.

एवढं सोपं होतं ते. मला दोनच रस्ते दिसले होते, एक तिची नोकरी घालवण्याचा आणि एक तिची आशा राखण्याचा, आणि मी स्वतःला मोठी समजूतदार मानत राहिले. तिसरा रस्ता, की तिला तिच्या नाकाबद्दल सांगावं आणि पुढचं तिच्यावर सोडावं, तो मला सुचलाच नाही. ती अडाणी म्हणून सुचला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे. मी तिला जीव लावला आणि तिच्या अकलेवर विश्वास ठेवला नाही.

दहाव्याला मी मुरुडला गेले. मंदानं मला आत नेऊन बसवलं आणि म्हणाली, ताई, तुम्ही आईला काय सांगून गेलात? मी घाबरले. मंदा म्हणाली, तुम्ही गेल्यापासून आई येईल-जाईल त्याला एकच सांगून राहिली हुती. दूधवाल्याला, शेजारच्या सुनेला, गोळ्या द्यायला येणाऱ्या ताईला. मला पडसं नव्हतं, ती माझी चूक नव्हती. कुणाला काही संदर्भ लागत नव्हता, तरी सांगायची. लई हलकी झाली हुती, मंदा म्हणाली, तीन आठवडे नुसती हसत हुती. मंदा हे मला बरं वाटावं म्हणून सांगत होती. मला तीन आठवडे ऐकू आले आणि त्यामागची सगळी वर्षं ऐकू आली. जे हसू माझ्या हातात होतं ते मी इतकी वर्षं दिलं नाही. याचं काय करावं ते मला कळत नाही. म्हणून मी या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे.

सध्या रोज सकाळी मी आधी स्वयंपाकघराचं दार उघडते, मग खिडकी, आणि काही वेळ नुसती उभी राहते. थंडी आत येते, रस्त्यावरची धूळ येते, शेजारच्या फोडणीचा वास येतो. माझं नाक शाबूत आहे, मला हे करायची गरज नाही. मग मी गॅस पेटवते. परवा नवऱ्यानं विचारलं, ही नवी सवय कुणाची उचललीस? मी म्हणाले, गयामावशीची. पण ते खरं नाही. तिला ती सवय कधी लागलीच नव्हती, कारण लावून घे असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.